जमायची जागा

मृत्यू, महापूर आणि बारावीची परीक्षा या तिन्ही संकटांना कधीही गाफील सापडणार नाहीत असे एकच गृहस्थ मराठवाड्यात आहेत, आणि ते माझे साडू आहेत. यातल्या परीक्षेशी त्यांचा नोकरीभर रोजचा संबंध आला. बाकीच्या दोघांनी अद्याप त्यांची दखल घेतलेली नाही. साडू हे नातंच मोठं विचित्र. एका सासऱ्यांनी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांनी दोन परक्या पुरुषांना पसंत केलं, एवढ्या एका पुराव्यावर त्या दोघांनी आयुष्यभर एकमेकांची खुशाली विचारायची असते. आमचे सासरे कंधारचे. थोरली मुलगी त्यांनी लातूरला दिली आणि धाकटी नांदेडला. थोरलीला आम्ही सगळे आक्का म्हणतो. धाकटी माझी बायको. आक्कांचे यजमान लातूरला भौतिकशास्त्र शिकवायचे, त्यामुळे निम्मं लातूर त्यांना सर म्हणतं आणि मीही म्हणतो. ते मला ‘नांदेडकर’ म्हणतात. हे माझं आडनाव नाही, त्यांनी केलेलं निदान आहे. तयारी न करता घराबाहेर पडणाऱ्या माणसांच्या जमातीला ते सरसकट हेच नाव देतात.

लातुरात खरी परीक्षा वर्षातून एकदा होते आणि सराव परीक्षा दर रविवारी. त्यामुळे खरी परीक्षा उजाडते तेव्हा त्या गावाला तिचं फारसं कौतुक उरलेलं नसतं. सरांनी एवढंच केलं, की हा नियम वर्गातून उचलून संसाराला लावला. “पहिल्यांदा करायची गोष्ट ऐन वेळी करायची नसते, नांदेडकर. हात थरथरतो,” असं ते म्हणतात. रेल्वेनं कुठं जायचं असलं की आदल्या दिवशी त्याच वेळी, रिकाम्या बॅगा घेऊन, ते स्टेशनवर जातात, आपला डबा कुठं येतो ते बघतात, चढायची जागा पक्की करतात आणि गाडी हलली की समाधानानं घरी येतात. एकदा डब्यातला तपासनीस त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं सरांना ओळखलं, बॅगा हातातून ओढून घेतल्या आणि अत्यंत आदरानं त्यांना आत बसवलं. गाडी सुटली. पुढच्या स्टेशनावर उतरून सर बसनं परत आले. “चुकीच्या गाडीत बसलो तर काय करायचं, त्याचाबी सराव झाला की ओ,” एवढंच त्यांचं म्हणणं.

सासूबाईंना माहूरला रेणुकेच्या दर्शनाला न्यायचं ठरलं, तेव्हा पायऱ्यांचा सराव म्हणून त्यांनी सुट्टीच्या दिवशी सासूबाईंना आपल्या कॉलेजच्या तीन मजल्यांवर चढवलं, हातात ओटीचं ताट देऊन. तिसऱ्या मजल्यावर रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती. सासूबाई श्रद्धाळू. एवढं चढून आल्यावर रिकामं कसं परतायचं, म्हणून त्यांनी प्रयोगशाळेच्या बंद दारापुढे नारळ ठेवला आणि हात जोडले. मुलीच्या लग्नात तर सरांनी पाठवणीचीही तालीम घेतली. अंगणात गाडी उभी केली, मुलीला आत बसवलं, आम्हाला दोन्ही बाजूंना उभं केलं, आणि गाडी फाटकापर्यंत जाऊन परत यायच्या आत स्वतःच ओक्साबोक्शी रडू लागले. खऱ्या पाठवणीला मात्र त्यांचे डोळे कोरडे ठणठणीत. व्याह्यांचा बरेच दिवस समज होता, की माणूस हुशार आहे पण काळजाचा कठीण.

आक्का या बाबतीत नवऱ्याच्या नेमक्या उलट टोकाला. वास्तू तथास्तु म्हणते, यावर त्यांचा पूर्ण विश्वास. त्यांच्या घरात मीठ संपत नाही, मागवायचं असतं. दिवा विझत नाही, शांत होतो. घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हटलं तर त्याला परत आत बोलावून, पाणी पाजून, ‘येतो’ म्हणायला लावून मग सोडतात. सरांनी एकदा आग विझवायचं लाल नळकांडं आणून स्वयंपाकघरात टांगलं. आक्कांनी त्यावर पिशवी चढवली. आगीचं नाव डोळ्यांपुढे कशाला? दसऱ्याला मात्र पिशवी काढून, इतर हत्यारांबरोबर, त्याला हळदकुंकू लागतं. सर नळकांडं आणल्याबद्दल समाधानी, आक्का झाकल्याबद्दल. संसार असाच चालतो आणि तो चाललाही होता.

मग आक्कांना जिने चढताना दम लागायला लागला. लातूरच्या डॉक्टरांनी हैदराबादला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी हृदयाची एक झडप बदलावी लागेल असं सांगितलं. घाई नाही, पण टाळूही नका. तारीख ठरली. घरी आल्यावर सरांनी, त्यांच्या स्वभावाला अनुसरून, सूचना मांडली. मी त्या वेळी तिथं जेवायला बसलो होतो. “एकदा हैदराबादला नुसतं जाऊन येऊ. गाडी कुठं लावायची, तू कुठल्या दारानं आत जाणार, मी कुठं बसणार, सगळं बघून ठेवू.”

आक्कांनी लाटणं थांबवलं. “तोंडात साखर घाला आधी. असलं काही बोलायचं न्हाई ह्या घरात.”

“अगं, सराव म्हणून—”

“सराव पोरांचा घ्या. माझा न्हाई.”

विषय तिथं संपला. म्हणजे आक्कांपुरता. सर त्यानंतर मला रोज फोन करू लागले आणि नांदेडात ऊन कसं आहे ते विचारू लागले. लातूर-नांदेडच्या उन्हात एवढा काही फरक नसतो. आयुष्यात पहिल्यांदा एक पेपर त्यांना सरावाविना द्यावा लागणार होता, आणि तोही दुसऱ्याच्या जिवावरचा.

समुद्राची कल्पना आक्कांची. ‘ऑपरेशनच्या आधी’ असं त्या अर्थातच म्हणाल्या नाहीत. “समुद्र बघावा वाटायलाय,” एवढंच म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, दगदग नको, बसून बघायला हरकत नाही. नांदेडचा एक ज्येष्ठांचा ग्रुप मुंबईहून गोव्याला मोठ्या प्रवासी जहाजानं निघाला होता. त्यात आम्ही चौघांनी नावं घातली. बातमी पक्की होताच सरांनी आम्हाला विष्णुपुरीच्या धरणावर नेलं. पाण्याकडे बघायचा सराव. ज्या गावाला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तिथल्या माणसाला एवढं पाणी एकदम दाखवणं बरं नव्हे, हे मलाही पटलं. आम्ही तासभर काठावर बसून गोदावरीकडे बघत राहिलो. सर मधूनमधून विचारत, “मळमळतंय का?” आक्का म्हणाल्या, “पाण्यानं न्हाई, तुमच्या विचारण्यानं मळमळायलंय.”

जहाजावर पाय ठेवला आणि पहिलीच घोषणा झाली: सुरक्षा कवायत सक्तीची आहे; प्रत्येकानं केबिनमधलं जॅकेट घेऊन आपापल्या जमायच्या जागी यावं; सगळे आल्याशिवाय जहाज हलणार नाही. सरांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. इतकी वर्षं ज्या धर्माचे ते एकटेच अनुयायी होते, त्याचं राज्यच त्यांना समुद्रावर सापडलं होतं. “बघा नांदेडकर, यांना कळतंय,” ते म्हणाले आणि जॅकेट घालूनच जिना उतरले. जॅकेट नारिंगी होतं, शिट्टी आणि दिवा लावलेलं. त्यात ते उभट झेंडूच्या हारासारखे दिसत होते.

आमची जागा उघड्या डेकवर होती. डोक्यावर एक बंद होडी टांगलेली, आणि समोर एक तरुण अधिकारी बाई हिंदीत समजावून सांगत होत्या. सात छोट्या शिट्ट्या आणि एक लांब शिट्टी झाली की सामान सोडा, लिफ्ट वापरू नका, केबिनकडे परत पळू नका, सरळ इथं या. घरचं माणूस दिसलं नाही तरी शोधत फिरू नका; तेही इथंच येईल. ऐकणारे कोण कोण होते हे सांगायला हवं. काही जण हसत होते. काही फोनवर चित्रण करत होते, आणि चित्रणात स्वतःच जास्त येतील अशी काळजी घेत होते. एका कुटुंबानं जमायचं म्हटल्यावर धपाट्यांचा डबा उघडला होता. मी भिंतीवरच्या सूचनेतल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजत होतो. माणूस सुट्टीवर निघतो तेव्हा पहिल्याच तासाला त्याला ‘हे बुडूही शकतं’ असं सांगणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं अजीर्णाची माहिती देण्यासारखं आहे. ती माहिती खरी असते, आणि ती शेजारच्या पानासाठी आहे असं प्रत्येकाला वाटतं. “आप लोग हँसिए,” त्या बाई शांतपणे म्हणाल्या, “पर जॅकेट पहनकर हँसिए.”

त्यातून कवायत अडली. आमच्या ग्रुपमध्ये पाटबंधाऱ्याचे एक निवृत्त कार्यकारी अभियंता होते, ज्यांना सगळे साहेब म्हणत आणि ज्यांना ते ऐकू आलं नाही तर पुन्हा म्हणत. साहेबांनी स्वतः न येता आपलं कार्ड बायकोच्या हाती पाठवलं होतं. “त्यांची हजेरी लावून टाका म्हणलेत,” त्यांच्या पत्नीनं निरोप सांगितला. “आम्ही धरणं बांधली, आम्हाला पाण्याचं काय सांगून राहिले, असंबी म्हणलेत.” अधिकारी बाईंनी कार्डावरचा फोटो पाहिला, साहेबांच्या पत्नीकडे पाहिलं आणि भोंग्यावरून साहेबांच्या केबिनचा नंबर पुकारायला सांगितला. तो तीनदा पुकारला गेला. अख्खं जहाज एका माणसासाठी थांबलं. शेवटी साहेब सफारी घालून आले, आपला पुकारा झाल्याबद्दल प्रसन्न, आणि कुणी सांगायच्या आत पहिल्या रांगेत जाऊन बसले. प्रमुख पाहुणे आल्यावर कार्यक्रमाला जो रंग चढतो तो चढला. ग्रुपच्या आयोजकानं कप्तानासाठी आणलेली शाल आणि नारळ होताच. कप्तान काही येणार नव्हता. म्हणून साहेबांच्या शुभहस्ते अधिकारी बाईंचा सत्कार झाला आणि सरांनी उत्स्फूर्तपणे आभार मानले. “हमारे लातूर में होते, तो ये ड्रिल हम हर रविवार लेते,” ते म्हणाले. बाईंनी शाल जॅकेटवरून घेतली होती. सरांचं बोलणं चेष्टेचं समजावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मलाही इतक्या वर्षांत आलेलं नाही.

या सगळ्यात आक्का मागच्या बाकावर, आमच्याकडे अर्धी पाठ करून, कानावरून पदर घेऊन बसल्या होत्या. ओठ पुटपुटत होते. सरांनी जॅकेट पुढे केलं तर म्हणाल्या, “निघतानाच बुडायची गोष्ट! मी न्हाई घालायची. रंग तेवढा बरा हाय.” सरांनी पट्टा कसा ओढायचा ते स्वतःवर दाखवलं. त्यांनी डोळे मिटले. सर माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, “वर्गात असं एक पोरगं असतंच, नांदेडकर. त्याचीच काळजी वाटते.” मला नंतर वाटलं, त्या डेकवर कवायत मनापासून घेतली असेल तर ती एकट्या आक्कांनी. आम्हा बाकीच्यांना ती बडबड वाटत होती. बोललेलं खरं ठरतं, असं मानणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

पहिला दिवस उत्तम गेला. आक्का तासन्‌तास समुद्राकडे बघत बसल्या. “काय करून राहिलीस?” असं माझ्या बायकोनं विचारलं, तर म्हणाल्या, “काही न्हाई. ते येतंय, जातंय. बघायलेय.” सर त्यांच्या शेजारी बसून समुद्राकडे कमी आणि त्यांच्या श्वासाकडे जास्त बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी घडायचं ते घडलं. जेवणानंतर सर केबिनमध्ये जाऊन झोपले. आम्ही तिघं वरच्या डेकवर होतो. भोंग्यावरून सांगितलं गेलं, की आता फक्त कर्मचाऱ्यांची कवायत होईल, प्रवाशांनी आपलं चालू द्यावं. ते इंग्रजीत सांगितलं आणि आक्कांना इंग्रजी कळत नाही. मी त्यांना समजावणार, एवढ्यात माझा चहा आला म्हणून काउंटरवर गेलो, बायको माझ्यासोबत आली, आणि शिट्ट्या सुरू झाल्या. सात छोट्या, एक लांब. परत आलो तर आक्कांच्या ताटलीत अर्धं भजं होतं आणि आक्का नव्हत्या.

आम्ही जिन्यानं, मजला मजला शोधत, खाली धावलो. केबिनच्या लांब बोळात सर सापडले. अंगात बनियन. पायात एकच चप्पल. जॅकेट नाही. हातात आक्कांच्या गोळ्यांची पिशवी छातीशी धरलेली. झोपेत त्यांना घोषणा ऐकूच आली नव्हती. फक्त शिट्ट्या ऐकू आल्या होत्या. ते आधी लिफ्टनं वरच्या डेकवर गेले होते, तिथून दुसऱ्या लिफ्टनं आमच्या केबिनकडे, तिथून पुन्हा आपल्या केबिनकडे, आणि आता प्रत्येक बंद दारावर थापा मारत चालले होते. जे जे करू नका असं सांगितलं होतं ते सगळं त्यांनी, एकही न गाळता, केलं होतं. मला पाहून म्हणाले, “ही कुठाय? नांदेडकर, ही कुठाय?” कवायत कर्मचाऱ्यांची आहे हे मी दोनदा सांगितलं. त्यांना ते कळत नव्हतं. त्यांचा हात थरथरत होता.

आक्का जमायच्या जागी होत्या. टांगलेल्या होडीखाली, कालच्याच बाकावर, हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कठडा धरून, मध्ये दोनदा थांबून, जिन्यानं उतरल्या होत्या. आजूबाजूला कर्मचारी दोर ओढत होते आणि कालच्या अधिकारी बाई त्यांना पाण्याचा पेला देत होत्या. सर समोर येऊन उभे राहिले.

आक्कांनी त्यांच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. “इथंच या म्हणले होते की काल. घरचं माणूस इथंच येतंय म्हणले होते. मी कवाधरून वाट बघायलेय.” मग पायांकडे बघून म्हणाल्या, “लई सराव केलाव. एक चप्पल कुठं सोडलाव?”

सर त्यांच्या शेजारी बसले. साहेब तिथून जाताना हसले आणि म्हणाले, “काय सर, पेपर अवघड गेला वाटतं?” सरांनी गोळ्यांची पिशवी आक्कांच्या मांडीवर ठेवली. आक्कांनी आपला पदर त्यांच्या बनियनवरून ओढून घेतला, वारं होतं म्हणून. कानावरून पदर घेऊन बसलेल्या बाईंनी काल शब्द न्‌ शब्द ऐकला होता, हे माझ्याइतकंच सरांनाही तेव्हाच कळत होतं.

त्यानंतर लातूरला परतेपर्यंत आणि परतल्यावरही सरांनी कशाचा सराव घेतला नाही. हैदराबादचा विषय काढला नाही. फोन मात्र रोज करत होते. आता नांदेडच्या उन्हाचीही चौकशी नसायची. “बरं हाय ना?” म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. गाडी लावायला जागा मिळाली नाही, चुकीच्या काउंटरवर उभे राहिलो, कागद एकदा घरीच विसरलो असं वाटलं आणि ते बायकोच्या पर्समध्ये निघाले. थोडक्यात, चार नांदेडकर जसे जातील तसे गेलो. आक्कांना आत नेताना दारापाशी क्षणभर थांबवलं. सरांनी त्यांना सांगण्यासाठी काहीतरी पाठ केलेलं असणार. ओठ हलले, पण ते आलं नाही. आक्कांनीच दारासमोरच्या लोखंडी बाकड्याकडे बोट केलं.

“हे बघा. इथं बसायचं. इकडं तिकडं पळायचं न्हाई. चपला दोन्ही पायात ठेवा. मी इथंच येते.”

आणि दार लागलं.

आक्का आता बऱ्या आहेत. जिना न थांबता चढतात. बाजारात, लग्नात, स्टेशनवर, कुठंही गेल्या की आधी एक जागा नक्की करतात, नवऱ्याला दाखवतात, “चुकलो तर इथं,” म्हणतात आणि मग पुढे होतात. त्याला त्या सराव म्हणत नाहीत. सरांच्या आता रेल्वेगाड्या चुकतात. परवा लातूर स्टेशनवर गाडी समोरून निघून गेली तरी ते ठरल्या खांबापाशी उभे राहिले, कारण आक्का पाणी घ्यायला गेल्या होत्या.

ऑपरेशनच्या त्या दिवशी सर दारासमोरच्या बाकड्यावरून हलले नाहीत. बायकोनं जेवायला बोलावलं, तर म्हणाले, “ती येणार हाय इथं.” चहा तिथंच आणून दिला, तो निवला. दुपारी डॉक्टर येऊन सगळं नीट झाल्याचं सांगून गेले, तेव्हा उभे राहून त्यांनी हात जोडले आणि पुन्हा खाली बसले. मी दारावरच्या शिपायाला विचारलं, पेशंट बाहेर कधी येईल. त्यानं सांगितलं, की त्या दारानं पेशंटला फक्त आत नेतात. बाहेर आणायची लिफ्ट मागच्या बाजूला आहे.